कानामागचं यंत्र

दहा दिवसांची मुदत सोमवारी संपणार होती, म्हणून रविवारी दुपारी सगळे आईकडे जमले. जमले म्हणजे काय, थोरला आणि धाकटा त्याच घरात राहत होते, जिना उतरलं की खाली मागांची शेड. मधली तेवढी दोन गल्ल्या पलीकडून आली, आणि नेहमीप्रमाणे दारातूनच बोलत आली.

"ठेवायचं की परत करायचं, आज एक घाव दोन तुकडे करा. उद्या मला दुकानातून हलता येणार नाही."

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून घेतल्यामुळे घरच्या दुखण्यांवर शेवटचा शब्द आपला, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

टेबलाच्या मधोमध डबी होती आणि डबीतलं यंत्र आईच्या उजव्या कानात होतं. वाटाण्याएवढं, कानाच्या आत जाऊन बसणारं, बाहेरून न दिसणारं. बाजारपेठेतल्या दुकानदाराने आईला समोर बसवून तपासलं, दोष आहे पण हलका आहे, एवढंसं यंत्र पुरेल असं सांगितलं आणि दहा दिवस वापरून बघायला दिलं. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या बाईच्या मानाने हे कान म्हणजे नवल आहे, असंही तो म्हणाला. थोरल्याने ते नवल आल्यागेल्याला ऐकवलं होतं.

"मला आवडलं हे," आई म्हणाली. "नीट बसतं. ठेवायचं."

"नीट बसणं हा चपलेचा गुण झाला," मधली म्हणाली. "ऐकू येतं का, ते सांग."

"येतं की. तुझं तर नको तेवढं येतं."

सगळे हसले. धाकटी सून, म्हणजे धाकट्याची बायको, टेबलापाशी नव्हती, ती ओट्यापाशी चहा गाळत होती. ती हसली की नाही ते कोणी पाहिलं नाही.

इथे या घराचं एक सांगायला हवं, कारण त्याच्यावाचून पुढचं काहीच कळायचं नाही. बारा माग एका वेळी चालू असले की शेडमध्ये माणसाच्या आवाजाला काडीची किंमत उरत नाही. कितीही बेंबीच्या देठापासून ओरडा, दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जात नाही. म्हणून शेडमधली माणसं ओठ वाचतात. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरचा वाचतो. ही तिन्ही मुलं शेडमध्येच रांगली, त्यामुळे ही मुकी बोली ती बोलण्याच्या आधी शिकली, आणि मोठी झाल्यावर ती वरच्या मजल्यावर जेवणाच्या टेबलापर्यंत घेऊन आली. पाहुणा समोर बसलेला असायचा आणि त्याच्या डोक्यावरून यांच्या गप्पा चाललेल्या असायच्या, तो किती जेवतोय इथपासून तो कधी उठणार इथपर्यंत. मधलीच्या नवऱ्याने या प्रकाराला कंटाळून रविवारी यायचंच सोडलं होतं. धाकट्या सुनेला तशी सोय नव्हती. ती सहा वर्षं त्या टेबलापाशी जेवत होती.

"अगं, त्याचा सेल बदलताना तुझ्या हातून तीनदा पडला," मधली म्हणाली. "टेबलाखाली रांगत मी शोधला. आणि चौथ्या दिवशी सुताची तूस जाऊन बंद पडलं, ते वेगळंच. आमच्या दुकानाशेजारी एक जण कानामागे लावायचं यंत्र वापरतो. मोठं असतं, सेल मोठा, हाताला लागतं, पुसता येतं. तसं घ्या."

"आणि सगळ्या शेडला दाखवा," थोरला म्हणाला.

थोरल्याचं लग्न झालं नव्हतं. मागांशीच झालंय, असं बहीण म्हणायची, आणि त्यात थट्टा कमी होती. शेड नावाला दोघांची असली, तरी चालायची आईच्या नजरेवर. कोणत्या मागावरचा धागा सुटलाय ते ती दारातून सांगायची. सुताचे व्यापारी तिच्याशी घासाघीस करायला घाबरायचे. उद्या या बाईच्या कानामागे एक डबडं दिसलं, की तेच लोक मान वळवून एकमेकांत बोलायला लागतील, तिच्यादेखत, ती तिथे नसल्यासारखं. हे थोरल्याला सहन होण्यातलं नव्हतं. तो कंजूष नव्हता की मूर्खही नव्हता. आईचा दरारा म्हणजे शेडचं छप्पर आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याने आईकडे पाहून ओठ हलवले, आवाज न काढता. *ठेव तू. हिला मी बघतो.*

आईने डोळ्यांनीच बरं म्हटलं.

"मी इथे बसलेय," मधली म्हणाली. "मलाही वाचता येतं, दादा."

धाकटा सकाळपासून मूग गिळून बसला होता. त्याच्या खिशात एका मोठ्या गिरणीचं नेमणुकीचं पत्र होतं, चार तासांच्या अंतरावरच्या गावातलं. तिथे दोन खोल्याही बघून झाल्या होत्या. महिनाअखेर जायचं होतं आणि आईला सांगायचं राहिलं होतं.

पण आईला ते माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी शेडच्या दुसऱ्या टोकाला धाकटा माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरशी बोलत होता. माग चालू होते, तेव्हा बोलणं अर्थातच मुकं होतं. आईने दारातून वाचलं. *आई तिला माणसात धरत नाही. सहा वर्षांत चार शब्द धड बोलली नाही. ती काही म्हणत नाही, पण मला बघवत नाही. महिनाअखेर निघतोय आम्ही.*

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आपण होऊन म्हणाली, कानाचं यंत्र बघू या. वर्षानुवर्षं डोकं फोडणारी मधली थक्क झाली आणि हा आपल्याच चिकाटीचा विजय आहे, असं तिने दुकानात सांगून टाकलं.

*

धाकटी सून ग्रंथालयात कामाला होती. तिथे हळू बोलायचा पगार मिळतो, असं थोरला म्हणायचा आणि तिला 'लायब्ररीबाई' म्हणायचा. हळू बोलायची सवय मात्र नोकरीच्या आधीची होती. तिचे पुढचे दात एकावर एक चढलेले होते. शाळेत त्यावरून इतकं ऐकून घ्यावं लागलं होतं, की बोलताना तिचा उजवा हात आपोआप तोंडावर जायचा. नवऱ्याला तर ते आता दिसतसुद्धा नव्हतं.

सासूबाई आपल्याशी बोलत नाहीत, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आपण काही विचारावं, त्यांनी "हं" म्हणावं आणि दुसरीकडे बघावं. आपण काही सांगावं, त्यांनी "बरं" म्हणावं आणि उठून जावं. भांडण नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर निदान उत्तर देता आलं असतं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं, तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं, सासूबाईच होत्या. तिने स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून त्यांना सांगितलं. सगळ्यात आधी त्यांनाच, नवऱ्यालाही नंतर. त्या "बरं" म्हणाल्या आणि खाली शेडमध्ये गेल्या. हे तिने नवऱ्याला आजवर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर हे घर दोन वर्षांपूर्वीच सोडावं लागलं असतं.

ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि सासूबाईंच्या पाठीशी उभी राहिली.

"आई, चहा घेता?"

आई थोरल्याकडे बघत होती.

"आई, चहा."

काही नाही. नवीन काय त्यात, असं तिला वाटलं. पण तेवढ्यात समोर बसलेल्या थोरल्याने ओठ हलवले, आणि आई लगेच म्हणाली, "अर्धाच दे. मघाशी झालाय."

ट्रे तसाच धरून ती उभी राहिली. आपला आवाज एका हाताच्या अंतरावरून त्या कानात गेला नाही, यंत्र घातलेल्या कानात. आणि भाऊजींनी तर आवाजच काढला नव्हता.

"भाऊजी, तुम्ही आत्ता आईंना काय म्हणालात?"

"चहा घेणार का, विचारलं."

"आवाज काढलात?"

"कशाला काढायचा? समोर तर बसलीय."

तिने कप टेबलावर ठेवले आणि रिकामा ट्रे उचलून सरळ थोरल्याच्या तोंडासमोर धरला. आपल्या हातून हे होतंय, याचं तिलाच आश्चर्य वाटत होतं.

"अगं, हे काय?"

"एकदाच. आईंना हाक मारा. मोठ्याने."

"आई!" ट्रेच्या मागून थोरला म्हणाला.

आई ट्रेकडे बघत होती. मग तिने मधलीकडे बघितलं, मग धाकट्याकडे. काय झालं, हसायचं की रागवायचं, ते ती त्यांच्या चेहऱ्यांवर शोधत होती. मधली ताडकन उठली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. "आई," ती म्हणाली. "आई गं." तिसऱ्यांदा ती एवढ्याने ओरडली की धाकट्याच्या कपातला चहा सांडला. आई वळली.

"ओरडतेस कशाला? बहिरी नाही मी."

कोणीच हसलं नाही. आईने एकेकाचा चेहरा वाचला, शेवटी धाकट्या सुनेच्या हातातला ट्रे पाहिला, आणि तिला सगळं कळलं. तिने कानातून यंत्र काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि जिना उतरून गेली.

"झालं समाधान?" थोरला म्हणाला. "घरातल्या घरात तिला उघडं पाडलंस. आजवर कुणाची छाती झाली नव्हती."

"दादा, गप्प बस," मधली म्हणाली. "मी इतकी वर्षं औषधं विकते आणि मला कळलं नाही. हिला कळलं."

"हिला काय कळायचंय? आईने हिला कधी विचारलं नाही म्हणून..."

"विचारणार कशी?" धाकटा म्हणाला. तो बायकोकडे बघत होता. तिचा हात तोंडावर होता. "हात. दादा, तिचा हात बघ. आईला हिचं तोंड कधी दिसलंच नाही."

खाली एक माग सुरू झाला. रविवार होता, शेड बंद होती, तरी जमीन थरथरायला लागली.

*

आईने माग सुरू केला तो कापडासाठी नव्हे. मागाशेजारी उभी राहिली की ती बहिरी नसायची, म्हणजे सगळेच बहिरे असायचे आणि त्यात ती सगळ्यांच्या पुढे असायची. धोटा इकडून तिकडे जात होता, त्याचा दणका तिला तळपायांतून कळत होता. तेवढंच आता कळायचं.

त्या दुकानदाराला फसवायचं तिच्या मनात नव्हतं. तो समोर बसला, तिच्या कानांवर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाला. आवाज काही येईना. पण कळ दाबायच्या आधी त्याचं उजवं कोपर किंचित उचललं जायचं. चाळीस वर्षं धोट्यावर नजर ठेवलेल्या बाईला एवढं दिसणार नाही? कोपर उचललं की ती बटण दाबायची. मग त्याने शब्द म्हणायला लावले. तो म्हणत होता, ती वाचत होती. परीक्षा म्हटली की पास व्हायचं, यापलीकडे तिने काही विचार केला नाही. घरी आल्यावर सुनेशी बोलून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की आपण स्वतःलाच चांगलं बनवलंय. पण परत करायचं, तर का ते सांगावं लागलं असतं.

जिन्यावर पावलं पडलेली तिला कळली नाहीत. धाकटी सून मागाच्या पलीकडे येऊन उभी राहिली तेव्हा दिसली. तिने काहीतरी बोलायला सुरुवात केली, आणि सवयीने हात वर गेला. मग ती थांबली. हात तिने खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

आईने सहा वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं. वेडेवाकडे दात होते खरे. त्यात लपवण्यासारखं काय होतं, तिला कळेना. मुलगी ओठ हलवत होती, सावकाश, लहान पोरांना शिकवावं तशी.

*मला वाटायचं मी तुम्हाला नकोशी आहे.*

आईने माग बंद केला. शेड एकदम शांत झाली असणार. आईला ते फक्त पायांना कळलं.

"नकोशी नव्हतीस," ती म्हणाली. "तू काय बोलतेस ते मला एकदाही कळलं नाही. एकदाही नाही. हात काढ, एवढंच सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं की कळलं असतं सगळ्यांना. म्हणून मी 'बरं' म्हणायची. 'बरं' बहुतेक ठिकाणी चालतं."

"बहुतेक ठिकाणी," सून म्हणाली.

"कुठे नाही चाललं?"

सुनेने धरलेला हात आणखी घट्ट धरला. मग तिने सांगितलं. "माझं... दोन वर्षांपूर्वी झालं ते. दवाखान्यातून आले. तुम्हीच होतात घरात. मी सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि खाली गेलात."

आईने मागाच्या चौकटीला धरलं. ती बातमी तिला चार दिवसांनी धाकट्याकडून कळली होती. तोवर सुनेने तिच्याकडे बघणंच टाकलं होतं, आणि तिला वाटलं होतं, पोरगी दुःखात आहे, तिला बोलणं नको असेल.

"काय सांगितलं होतंस? सांग मला. आत्ता सांग."

"नाही."

"हात काढलाच आहेस, तर..."

"नाही, आई. ते असं ओठांवरून उचलून घ्यायचं नाही. मी ते बोलले होते. ऐकणार असाल तर पुन्हा बोलेन." ती थांबली. "आणि महिनाअखेर आम्ही जाणार आहोत. यांना नोकरी लागलीय."

"माहीत आहे. जा तुम्ही, मी थांबवत नाही. पण ते मला न ऐकवताच जाऊ नकोस."

आई मागावरची तूस हाताने झटकत राहिली. मग म्हणाली, "ते मोठ्या दवाखान्यात तपासतात ना, तिथे तू चल माझ्याबरोबर. आणि तपासणाऱ्याला आधी सांग, म्हातारी लबाड आहे, कोपर बघून बटण दाबते."

*

सोमवारी डबी दुकानदाराकडे परत गेली आणि मंगळवारी सगळेच मोठ्या दवाखान्यात गेले. थोरला तोंड पाडून गेला, पण गेला. कान तपासणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. धाकट्या सुनेने सांगितलेलं त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि आईला जाड भिंतींच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"माझं कोपर तुम्हाला दिसणार नाही," त्या आईच्या समोर येऊन म्हणाल्या, "तेव्हा आता खरंखरं ऐका."

आईने खरंखरं ऐकलं. अर्ध्या तासाने कागद बाहेर आला, आणि त्यावरची रेघ जिना उतरावा तशी खाली गेली होती. मधलीने ती पाहिली आणि डोळ्यांना रुमाल लावला. औषधाच्या दुकानात ती कधी रडली नव्हती.

"हे चाळीस वर्षांचे माग आहेत," बाई म्हणाल्या. "ते लहान यंत्र यांच्या उपयोगाचंच नव्हतं. एवढा आवाज द्यायची त्याच्यात ताकद नसते, दोष यंत्राचा नाही. यांना कानामागचं, मोठं, आणि कानाच्या मापाचा साचा करून घेतलेलं लागेल. साच्याला आठवडा लागतो. आज तात्पुरतं लावून ऐकवते. आणि एक, शेडमध्ये हे घालायचं नाही. तिथे उलट कानांत बोळे घालायचे, जे उरलंय ते राखायला."

"शेडमध्ये मला लागतच नाही," आई म्हणाली. तिने बाईंचे ओठ नीट वाचले होते.

"केसांच्या रंगाचं मिळतं का?" थोरल्याने विचारलं. "पटकन दिसणार नाही असं?"

आईने त्याचंही वाचलं. "लाल मिळतं का?" ती बाईंना म्हणाली. "कुठे पडलं तर सापडायला हवं."

"आई, व्यापारी..."

"दिसू दे की. दिसलं तर माणूस समोर येऊन बोलेल. आजवर मला जे नाही कळलं ते मागून बोललेलं नव्हतं रे, दादा. समोरच बोललेलं होतं."

मुलांना ती कधी दादा म्हणायची नाही. थोरल्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "लालच घ्या मग. केसांशेजारी उठून दिसेल." त्याचा हा शरणागतीचा प्रकार बहिणीला माहीत होता, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी कानामागे यंत्र अडकवलं, आत टोपी बसवली, आणि आपल्या यंत्रावरची कळ फिरवली. आई दचकली. कागद सरकवल्याचा आवाज तिने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो एवढा कर्कश असतो हे ती विसरून गेली होती.

"सगळं पत्र्याच्या डब्यातून येतंय," ती म्हणाली.

"येणार. कानाला नाही, डोक्याला सवय व्हावी लागते, दोन-तीन महिने जातील. आणि सगळं कधीच नीट येणार नाही, ते आत्ताच सांगते. शब्दांचे तुकडे येतील, उरलेलं तुम्ही जोडायचं." बाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. "आता ओळखीच्या आवाजावर बघू. एकाने यांच्या पाठीमागे बसायचं, तोंड दिसता कामा नये. बाकीचे बाहेर."

थोरला पुढे झाला.

"ती बसेल," आई म्हणाली.

दार लागलं. आईने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. हात तिने मांडीवर ठेवले, एकमेकांत गुंतवून. वळायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. हे सोपं नव्हतं. चाळीस वर्षं जी बाई बघून ऐकत आली, तिला आता कोऱ्या भिंतीवर भरवसा ठेवायचा होता.

"काय बोलू?" धाकटी सून बाईंना म्हणाली. हात तोंडावरच होता.

"काहीही बोला. वर्तमानपत्र वाचलंत तरी चालेल."

तिने वर्तमानपत्र घेतलं नाही. ती हळूच काहीतरी म्हणाली.

आईच्या कानात काहीतरी आलं. पातळ, खरखरीत, पण माणसाचं. हा तिचा आवाज, आईला वाटलं. असा आहे होय.

"थांब," ती भिंतीला म्हणाली. "आलं थोडं. बाळ म्हणालीस. पुढचं नाही आलं. परत सांग."

बाईंनी कळ थोडी फिरवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या कागदात बघत राहिल्या.

सून पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

"बाळ गेलं," आई म्हणाली. तिचा आवाज तिलाच डब्यातून आल्यासारखा वाटला. "गेलं, एवढं आलं. त्याच्या पुढेही काहीतरी आहे. तू पुढेही काहीतरी म्हणाली होतीस. ते नाही लागत मला. परत सांग, बाळा. मी वळत नाही, तू सांग."

हात कधी खाली आला ते सुनेलाही कळलं नाही. ती ओरडली. ग्रंथालयात काम करणारी ती बाई इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या बाकावर धाकटा उठून उभा राहिला आणि रांगेतल्या माणसांची तोंडं दाराकडे वळली.

"बाळ गेलं, आई! मला भीती वाटतेय. जरा माझ्याजवळ बसा!"

आईचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"ऐकलं," ती म्हणाली.

मग उठली, खुर्ची ओढत तिच्या शेजारी नेली आणि बसली.